कर्जाचा खरा दर यंत्रालाही वाचता यावा

कर्ज घेणाऱ्याला त्या कर्जाची खरी किंमत आधी कळली पाहिजे, हे तत्त्व आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून किरकोळ कर्जदारांच्या कर्जांसाठी, तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ठळक तपशिलांचे एक विवरणपत्र सक्तीचे केले. बँकांच्या व्यवहारात ते 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' या नावाने ओळखले जाते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या नव्या कर्जांना ते लागू झाले. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते द्यावे, त्यातला मजकूर समजावून सांगावा, सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जात विचार करण्यासाठी किमान तीन कामाचे दिवस द्यावेत आणि त्यात न दाखवलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे आकारू नये, अशा त्याच्या अटी होत्या. ग्राहकहिताच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे होते, यात शंका नाही.

तरीही एक अडचण उरतेच. हे विवरणपत्र ग्राहकाच्या हाती पडते ते तो एखाद्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या दारात पोहोचल्यावर, अर्ज भरल्यावर आणि कागदपत्रे दिल्यावर. दहा ठिकाणचे दर पाहून कोठे जायचे ते ठरवण्याची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते. तुलना व्हायला हवी ती त्याआधी. आणि आज ती घरबसल्या, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर होते. त्या पडद्यावर कर्जाविषयी काय लिहिलेले असते आणि ते कोणत्या स्वरूपात असते, हा म्हणूनच केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो सामान्य कर्जदाराच्या खिशाचा प्रश्न आहे.

बारा टक्के महाग, अठरा टक्के स्वस्त

एक साधे उदाहरण घेऊ. एक लाख रुपयांचे, एका वर्षाच्या मुदतीचे कर्ज हवे आहे. पहिली संस्था सांगते, व्याज बारा टक्के 'फ्लॅट' आणि दोन टक्के प्रोसेसिंग फी. दुसरी संस्था सांगते, व्याज अठरा टक्के, पण घटत्या शिलकीवर. फी काही नाही. जाहिरात वाचणारा माणूस बहुधा पहिल्या संस्थेकडे वळेल. बारा आणि अठरा यांत लहान कोणते, हे सांगायला गणित लागत नाही.

प्रत्यक्षात काय होते? पहिल्या संस्थेत पूर्ण एक लाखावर वर्षभराचे बारा हजार रुपये व्याज धरले जाते आणि मासिक हप्ता ९,३३३ रुपयांचा बसतो. वास्तविक दर महिन्याला मुद्दलाचा काही भाग परत जात असतो. वर्षाच्या अखेरीस तर कर्जदाराकडे मूळ रकमेचा अल्पसा अंशच शिल्लक असतो. तरीही व्याज मात्र पूर्ण रकमेवर. घटत्या शिलकीच्या हिशेबात मांडले तर हा दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. त्यातच दोन हजार रुपये फी आणि तिच्यावरचा अठरा टक्के जीएसटी आधीच कापला गेल्यामुळे हातात पडतात ९७,६४० रुपये. हे सारे जमेस धरले की वार्षिक दर सव्वीस टक्क्यांच्या घरात जातो. दुसऱ्या संस्थेचा हप्ता ९,१६८ रुपयांचा आणि हातात पूर्ण एक लाख. म्हणजे 'बारा टक्क्यां'चे कर्ज 'अठरा टक्क्यां'च्या कर्जापेक्षा सुमारे चार हजार तीनशे रुपयांनी महाग पडले.

व्याज, फी, विमा, कायदेशीर तपासणीचा खर्च असे सारे एकत्र करून वर्षाला टक्केवारीत मांडलेल्या दराला 'अ‍ॅन्युअल पर्सेंटेज रेट' अथवा 'एपीआर' म्हणतात. अमेरिकेने १९६८ च्या 'ट्रुथ इन लेंडिंग' कायद्याने हा दर सांगणे बंधनकारक केले. आपल्या विवरणपत्रातही एपीआर आणि तो कसा काढला याचा हिशेब द्यावा लागतो. संस्थेने विमा कंपनीसारख्या तिसऱ्या पक्षाच्या वतीने वसूल केलेली रक्कमही त्यात धरावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा खऱ्या किमतीची व्याख्या करण्याचे काम झालेले आहे. राहिले आहे ते ही किंमत सर्वांना, एकाच वेळी आणि एकाच मापाने दिसेल अशी व्यवस्था करण्याचे.

जाहीर आहे, पण जुळवता येत नाही

या दिशेने विचार झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. २२ जानेवारी २०१५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या संकेतस्थळांवर तीन गोष्टी जाहीर करण्यास सांगितले होते. व्यक्तींना मागील तिमाहीत दिलेल्या निरनिराळ्या प्रकारच्या कर्जांच्या व्याजदराची कमाल व किमान मर्यादा आणि सरासरी. सर्व प्रकारची शुल्के. आणि कर्जाचा एकूण खर्च दाखवणारा एपीआर किंवा तत्सम आकडा. निरनिराळ्या बँकांच्या कर्जांची तुलना ग्राहकाला करता यावी, हा हेतू त्या परिपत्रकातच नमूद होता.

हेतू उत्तम होता. स्वरूप मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवले गेले. परिणाम काय झाला, हे बँकांची संकेतस्थळे उघडून कोणालाही पाहता येईल. कोठे ही माहिती पीडीएफमध्ये असते, कोठे छायाचित्रासारख्या चौकटीत, तर कोठे पानाच्या अगदी तळाशी असलेल्या बारीक अक्षरांतील दुव्यामागे. एक संस्था 'अमुक टक्क्यांपासून पुढे' एवढेच सांगते. वरची मर्यादा मोघम ठेवते. दुसरी फीचा उल्लेख 'कर्जरकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत' असा करते. तिसऱ्या संस्थेच्या तक्त्यात स्तंभांची नावेच वेगळी. यात नियमाचा भंग झाला असे म्हणता येत नाही. पण दहा संस्थांची माहिती एका ओळीत मांडायची तर कोणीतरी बसून हाताने उतरवून घ्यायला हवी. आणि ती उतरवून होईपर्यंत एखादा दर बदललेला असतो.

ही पोकळी भरून काढली ती कर्जांची तुलना करून देणाऱ्या खासगी व्यावसायिकांनी. त्यांतील अनेकांचे उत्पन्न कर्जसंस्थांकडून मिळणाऱ्या दलालीवर अवलंबून असते. ज्याची दलाली अधिक त्याचे नाव वर, हा मोह तेथे सदैव असतो. रिझर्व्ह बँकेलाही याची दखल घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये डिजिटल कर्जव्यवहाराविषयी जे निर्देश निघाले, त्यांत अनेक कर्जसंस्थांचे प्रस्ताव एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या मध्यस्थांवर बंधने आली. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, रक्कम, मुदत, एपीआर, मासिक परतफेड आणि दंडात्मक शुल्क हे तुलना करता येईल अशा रीतीने दाखवावे, कोणा एकाला झुकते माप देऊ नये, फसव्या मांडणीने ग्राहकाला ढकलू नये, असे त्यांत म्हटले होते. ही तरतूद १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मध्यस्थाच्या पडद्यावर तुलना हवी, हे मान्य झाले. मूळ कर्जसंस्थेच्या पानाचे काय, हा प्रश्न मात्र तेथेच राहिला.

एका पानाचे दोन वाचक

इंटरनेटवरील प्रत्येक पानाला आज दोन वाचक असतात. एक माणूस आणि दुसरे यंत्र. शोधयंत्रे पाने सतत चाळत असतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे मदतनीसही त्यांत सामील झाले आहेत. 'घरकर्ज सर्वांत स्वस्त कोठे मिळेल' असा प्रश्न शहरी ग्राहक हल्ली थेट त्यांनाच विचारतो. माणसाला '१०.५' हा आकडा दिसला की आजूबाजूच्या मजकुरावरून तो व्याजदर आहे, हे उमगते. यंत्राला ते अंदाजाने ठरवावे लागते. तो व्याजदर असेल, एपीआर असेल, फीची टक्केवारी असेल किंवा मुदत ठेवीचा दरही असेल. अंदाज चुकला तर चुकलेले उत्तर ठाम भाषेत ग्राहकापुढे येते.

यावरचा उपाय फार पूर्वीच निघाला आहे. पानावरील प्रत्येक महत्त्वाच्या माहितीला, माणसाला न दिसणारी पण यंत्राला वाचता येणारी चिठ्ठी जोडायची. किराणा दुकानातल्या डब्यांवर जशी 'तूरडाळ', 'मूगडाळ' अशी नावे चिकटवलेली असतात, तसाच हा प्रकार. ही नावे सर्वांनी सारखीच वापरावीत म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी जून २०११ मध्ये 'स्कीमा डॉट ऑर्ग' नावाचा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. रशियाची यांडेक्स त्याच वर्षी त्यात आली. पाककृती, पुस्तके, चित्रपट, नोकऱ्या अशा असंख्य विषयांसाठी त्यात ठरलेले शब्द आहेत. या चिठ्ठ्या लिहिण्याची 'जेसन-एलडी' ही पद्धत २०१४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण मानली.

वित्तव्यवहाराचे शब्द या संग्रहात आले ते २०१६ च्या सुमारास, वित्तक्षेत्राने स्वतःसाठी तयार केलेल्या 'फायबो' या परिभाषेच्या आधारे. त्यात कर्जासाठी स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यातले रकाने पाहिले की आश्चर्य वाटते. कर्जाची रक्कम, चलन, मुदत, तारण कोणते लागेल, हप्ता किती व किती दिवसांनी, एकूण हप्ते किती, मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड किती, हप्ता चुकल्यावर किती दिवसांची सवलत, तारण विकूनही रक्कम वसूल न झाल्यास संस्था कर्जदाराच्या अन्य मालमत्तेकडे वळू शकते का. या सर्वांसाठी तेथे जागा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्याजदर आणि एपीआर यांना दोन स्वतंत्र रकाने आहेत. या दोन गोष्टी एक नव्हेत, अशी सूचना व्याजदराच्या व्याख्येतच दिलेली आहे. दर निश्चित नसेल तर किमान व कमाल अशा मर्यादाही देता येतात. 'अमुक टक्क्यांपासून पुढे' या पळवाटेला त्यामुळे उत्तर मिळू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या विवरणपत्रातील नोंदी आणि हे रकाने शेजारी ठेवले तर बराचसा भाग एकमेकांशी जुळतो. आपल्याकडील काही गोष्टींसाठी नेमके रकाने नव्याने ठरवावे लागतील, हे खरे. बदलता दर रेपोसारख्या कोणत्या बाह्य मापदंडाला बांधला आहे व किती काळाने बदलतो, दंडात्मक शुल्क किती, डिजिटल कर्ज नको असल्यास परत करण्याची मुदत किती. या बाबी त्यांत येतील. पण पाया तयार आहे, तो विनामूल्य आहे आणि त्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही.

इतरांनी काय केले

असा आग्रह धरणारे आपण पहिले नसू. ब्रिटनमध्ये स्पर्धा आयोगाच्या आदेशानुसार नऊ मोठ्या बँकांना २०१७ मध्ये चालू खात्यांची, तसेच लघुउद्योगांना दिल्या जाणाऱ्या विनातारण कर्जांची माहिती ठरावीक, यंत्रवाचनीय स्वरूपात सर्वांसाठी खुली करावी लागली. ऑस्ट्रेलियाने त्यापुढे जाऊन ग्राहकाच्या माहितीवरील हक्काचा कायदा केला. त्याखाली बँकांना आपल्या ठेवी, कार्डे व कर्जे यांचे दर, शुल्के आणि पात्रतेच्या अटी ठरलेल्या नमुन्यात खुल्या ठेवाव्या लागतात. दोन्ही ठिकाणी मार्ग निराळा होता. बँकांनी पानांवर चिठ्ठ्या न लावता स्वतंत्र माहितीवाहिन्या उघडल्या. तत्त्व मात्र एकच. जाहीर करायची माहिती कोणत्या साच्यात जाहीर करायची, हेही नियामकाने ठरवून द्यायचे.

आपल्याकडील बँकांना हे अवघड जाण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेला पाठवायची अनेक विवरणे त्या गेली कित्येक वर्षे 'एक्सबीआरएल' या यंत्रवाचनीय स्वरूपात पाठवतच आहेत. नियामकाला जे यंत्राच्या भाषेत देता येते, ते ग्राहकाला देता येत नाही, असे म्हणणे टिकणारे नाही.

आक्षेपांचे उत्तर

पहिला आक्षेप असा की, प्रत्येकाचा दर त्याच्या पतगुणांवर ठरतो. मग पानावर कोणता दर लिहायचा? उत्तर २०१५ च्या परिपत्रकातच आहे. मागील तिमाहीत प्रत्यक्ष दिलेल्या कर्जांचा किमान, कमाल आणि सरासरी दर. जाहिरातीतील आकर्षक दर किती जणांच्या वाट्याला येत असावा, याचा अंदाज सरासरीवरून लगेच येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चिठ्ठी लावणारा स्वतः विक्रेताच असेल, तर ती खरी कशावरून? माणसाला एक दर दाखवायचा आणि यंत्राला दुसराच सांगायचा, हेही शक्य आहे. पानावर जे दिसत नाही ते चिठ्ठीत लिहू नये, असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्या पानाला शोधाच्या निकालात मिळणारी ठळक मांडणी गमवावी लागते. पण शोधयंत्राची शिक्षा म्हणजे कायदा नव्हे. ग्राहकाला दिसणारा मजकूर, यंत्राला सांगितलेला आकडा आणि हाती दिलेले विवरणपत्र या तिघांत विसंगती आढळल्यास ग्राहकाच्या हिताचा आकडा ग्राह्य धरावा, एवढा एक नियम झाला तर चिठ्ठीला वजन येईल. आज ही माहिती देणे सर्वस्वी ऐच्छिक आहे. ऐच्छिक व्यवस्थेत ज्याचे कर्ज स्वस्त तो बोलतो आणि ज्याचे महाग तो गप्प बसतो.

तिसरा आक्षेप बनावट कर्जअ‍ॅपचा. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांसाठी उपलब्ध असलेली सुमारे ११०० कर्जअ‍ॅप आढळली होती आणि त्यांतील ६०० बेकायदा होती. असे लोक उद्या सुबक चिठ्ठ्याही लावतील. म्हणून दराबरोबर ओळखही तपासता आली पाहिजे. त्यासाठीची सामग्री आता जमली आहे. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर स्थलांतर करावे, असा आदेश निघाला होता. नियंत्रित संस्थांच्या कर्जअ‍ॅपची यादीही जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने आपल्या संकेतस्थळावर खुली केली. अधिकृत पत्त्यावरील चिठ्ठीच विश्वसनीय मानायची, हे यंत्राला शिकवणे सोपे आहे.

चौथा मुद्दा लहान संस्थांचा. एखाद्या तालुक्यातील नागरी सहकारी बँकेकडे असे काम करणारी माणसे कोठून येणार? पण येथे नवी यंत्रणा उभारायची नाही. पानामागे काही ओळी लिहायच्या आहेत. नमुना रिझर्व्ह बँकेने किंवा सहकारी बँकांच्या महासंघांनी तयार करून दिला, तर आकडे भरण्यापलीकडे काही उरत नाही. उलट, जाहिरातीवर मोठा खर्च करू न शकणाऱ्या पण रास्त दराने कर्ज देणाऱ्या लहान बँकेला मोठ्यांच्या ओळीत उभे राहण्याची संधी यातूनच मिळेल.

महाराष्ट्रापुरते

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रिझर्व्ह बँकेचे हे सारे नियम बँकांना आणि बिगर बँक वित्तसंस्थांना लागू होतात. राज्यातील पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. लहान व्यापारी, रिक्षाचालक, नोकरदार असा मोठा वर्ग कर्जासाठी प्रथम पतसंस्थेचीच पायरी चढतो. एपीआर सांगण्याचे बंधन आणि त्याचा यंत्रवाचनीय साचा या दोन्ही बाबतींत सहकार खात्याने वेगळा विचार न करता रिझर्व्ह बँकेचाच नमुना स्वीकारला, तर एकाच गल्लीतील बँक आणि पतसंस्था यांची तुलना प्रथमच शक्य होईल.

कर्जाचा कागद समजावा यासाठी झगडण्याचा इतिहास या भूमीला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्यानंतर पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. शेतकऱ्याचा रोष व्याजावर होता, तसाच त्याला न वाचता येणाऱ्या कागदावरही होता. त्यातूनच १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांसाठीचा साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचा करार गावच्या निबंधकासमोर लिहावा, फेडीची पावती द्यावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. व्याजाचा बोजा त्या कायद्याने किती हलका झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कर्जाचा हिशेब ही सावकाराची खासगी बाब नव्हे, हे तत्त्व तेव्हापासून कायद्यात आले.

आज चोपडीची जागा पडद्याने घेतली आहे. कर्जदार साक्षर आहे. पण पंचवीस पानांची पीडीएफ, बारीक अक्षरे आणि चार प्रकारचे दर यांपुढे त्याची साक्षरता अपुरी पडते. यंत्र त्याला मदत करू शकते, मात्र त्या यंत्राला वाचता येईल असे कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. तुलनेचा हेतू रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच मांडला, खऱ्या दराचा नमुना २०२४ मध्ये ठरवला आणि बँकांचे अधिकृत पत्ते २०२५ मध्ये निश्चित केले. या तिन्हींना जोडणारा एक छोटा आदेश काढण्यास आता तंत्रज्ञानाची अडचण सांगता येणार नाही. तो निघेपर्यंत 'बारा टक्के' हा आकडा 'अठरा टक्क्यां'पेक्षा लहानच दिसत राहील आणि त्यातला फरक कर्जदार आपल्या हप्त्यांतून भरत राहील.